पुढच्या सीटचं भाडं

५ फेब्रुवारी

रोही आडवा आला. रोही आडवा आला. दोन दिवसांत हे किती जणांना सांगितलं — जमादार, डॉक्टर (त्यांना रोही म्हणजे नीलगाय हे पण सांगावं लागलं), घरी आई-दादा, ताई, दाजी. आता झोपेतून उठवून विचारलं तरी हेच तोंडातून निघेल.

ही वही पोलीस भरतीच्या चालू घडामोडींसाठी घेतली होती. पहिली चार पानं त्याचीच आहेत. आजपासून ही घडामोड.

परवा सकाळी सातला झरीच्या अलीकडं गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. गाडी दाजींची, चालवत होतो मी. मागं नर्मदाबाई आणि तिच्या मेथीच्या दोन टोपल्या. पुढं माझ्या शेजारी शिवकन्या. बाभळ डाव्या अंगानं आत घुसली. नर्मदाबाईचा ओठ फुटला. माझ्या अंगावर ओरखडा नाही — शप्पथ, एक ओरखडा नाही! शिवकन्याचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली तेव्हा ती रडत नव्हती. मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होती.

६ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. आत रॉड टाकला. सरकारी योजनेत बसलं म्हणे.

दिवसभर परभणीच्या त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो. वर जायची हिंमत नाही. तिची आई, कस्तुरामामी, डबा घेऊन दोनदा मला ओलांडून गेल्या. तिसऱ्यांदा थांबल्या आणि म्हणाल्या, “जेवलास का रे?” बस, तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं भरतीचीच तयारी करायलोत. ती मन लावून, मी तिच्यामुळं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लॅबमधल्या सरांच्या अंगावर धावून गेलो आणि कॉलेज सुटलं. लोकांना सांगतो, मी सोडलं. आई म्हणते, नाव ठेवलं योगीराज आन डोकं तव्यावरचं. मग दाजींनी त्यांची गाडी दिली — बोरी ते परभणी सिटा मार, सकाळी ग्राउंड कर. पांढऱ्या पाटीची गाडी. म्हणजे घरच्या वापराची, भाड्याला चालवायची नाही. पण बोरीतून अशा दहा गाड्या चालतात, कोण विचारतं!

शिवकन्या रोज पुढच्या सीटवर. वर्षभर. एकदा एका आडत्याला त्या सीटवरून उठवलं, तो अजून माझ्याशी बोलत नाही. पहिल्या दिवशी तिनं तीस रुपये पुढं केले. मी म्हणलो, राहू दे. दुसऱ्या दिवशी तिनं केलेच नाहीत. प्रेमाचं म्हणावं असं आमच्यात एवढंच बोलणं झालंय.

त्या दिवशी तिची अकॅडमीत आठशे मीटरची चाचणी होती. साडेसातला.

७ फेब्रुवारी

मिटलं म्हणे.

सरपंच, दाजी आणि तिचे वडील लिंबाजीमामा खाटेभोवती बसले. दाजींनी स्टॅम्प आधीच लिहून आणला होता. रोही आडवा आल्याने अपघात घडला, चालकाची कोणतीही चूक नाही, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही व पुढेही करणार नाही. मामांनी सही केली. तिच्या उजव्या हाताला सलाइन, तिनं डाव्या हातानं केली. दाजींनी एक पाकीट दिलं. मामांनी ते न उघडता कस्तुरामामींच्या पिशवीत टाकलं. मग सगळ्यांनी चहा घेतला.

आमच्याकडं असंच असतं. रक्त सांडलं तरी ठाण्याची पायरी चढायची नाही. चढलं की पोरीचं नाव कागदावर येतं, आणि कागद गावभर फिरतो. जमादार पण खूश. स्टॅम्पची झेरॉक्स घेतली आणि गेला. त्याचं काम वाचलं.

सही करून झाल्यावर तिनं दाराकडं बघितलं. दारात मी होतो. त्या बघण्याचा अर्थ मला कळला नाही.

कळला. पण लिहीत नाही.

१० फेब्रुवारी

झोप नाही.

१४ फेब्रुवारी

दळण घेऊन गिरणीवर गेलो. लिंबाजीमामांची पिठाची गिरणी आमच्या घरापासून चार घरं सोडून आहे, आईनंच पाठवलं — असं स्वतःला सांगत गेलो. मामांनी पट्टा थांबवला. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून बघितलं. “योगीराज, दळण पाठवायचं तर पप्प्याजवळ पाठवत जा. तू नको येत जाऊ.”

पूर्ण नाव घेतलं. रोज योग्या म्हणतात.

परत येताना स्टँडवर नर्मदाबाई भेटली. ओठ अजून सुजलेला. चार लोकांत म्हणाली, “पोरा, परभणीचे तीस घेतलेस आन झरीला उतरवलंस. माझे पैसे दे.” लोक हसायला लागले. मी तीस काढून दिले. तिनं त्यातले पंधरा परत केले. झरीपर्यंत आणलंस ना, म्हणाली, तेवढे तुझे, आपल्याला फुकट नको. फुटलेल्या ओठानं हिशोब! म्हातारीला ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत आहे.

२२ फेब्रुवारी

लिहून टाकतो. कोण वाचणार आहे?

रोही नव्हता.

धुकं होतं आणि एस.टी. होती. सिटांसाठी मी बोरीत वीस मिनिटं थांबलो. मिळाली एकटी नर्मदाबाई. म्हणून उशीर. झरीच्या अलीकडं पुढं एस.टी., वाट देईना. दोनदा हॉर्न दिला. तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून थांब म्हणून खूण केली. मला कोणी थांब म्हणलेलं चालत नाही, लहानपणापासून. कानशिलं तापली. तेवढ्यात गाडीत एक वाक्य झालं — ते लिहीत नाही — आणि मी गाडी बाहेर काढली. समोर धुक्यातून पिकअपचे लाइट. एस.टी.च्या पुढून डावीकडं कापली. बाभळ.

चूक माझी. सगळी माझी.

आणि रोही? रोही तिनं आणला. जमादार खाटेजवळ कागद घेऊन आला, मी तोंड उघडायच्या आत ती दात आवळून म्हणाली, “रोही आडवा आला. त्याची चूक न्हाई.” माझ्यावर गुन्हा दाखल झाला तर माझी भरती अडकणार, हे तिला ठाऊक. पाय लटकत असताना तिला हे सुचलं! नंतर मी काय केलं? तिचंच वाक्य पाठ म्हणत गावभर फिरलो.

२३ फेब्रुवारी

कालचं पान फाडायचं होतं. नाही फाडलं.

९ मार्च

पप्प्या माझा दोस्त, काळी-पिवळी चालवतो. आता आमचं दळण तोच नेतो आणि येताना पिठाबरोबर खबर आणतो. आजची खबर वाईट. हाड जुळेना, आत जंतू झालेत. दुसरं ऑपरेशन लागणार, मोठ्या शहरात, मोठ्या डॉक्टरकडं, आणि ते योजनेत बसत नाही. एवढं करूनही पाय थोडा आखूड राहील. मामांनी गिरणी विकायला काढली.

मी विचारलं, आणि पळणं?

पप्प्यानं पिठाचा डबा खाली ठेवला. “डॉक्टर म्हणले, ते विसरा.”

१० मार्च

आठशे मीटरला ती तीन मिनिटांच्या आत आली होती. डिसेंबरात. मी घड्याळ धरलं होतं.

१२ मार्च

परभणीच्या कोर्टात गेलो. ओळख ना पाळख, निंबाखाली जी पहिली वकील मोकळी दिसली तिच्यासमोर बसलो. शुभदा मॅडम. पन्नाशीच्या असतील. चष्मा नाकावर, पुढ्यात टाइप केलेल्या कागदांचा ढीग, त्यावर दाबायला पेरू.

आधी विम्याचा कागद मागितला. मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून वाचला. पूर्ण विमा आहे म्हणाल्या, नशीब समजा. नुसता रस्त्यावरच्या माणसापुरता असता, तर घरच्या गाडीत बसलेल्याला कंपनी ओळखसुद्धा दाखवत नाही.

मला वाटलं, झालं! मग पैसे मिळणार.

“थांबा,” त्या म्हणाल्या. (थांब म्हणलेलं आज चाललं.) “आधी चालवणाऱ्याची चूक पाहिजे. चूक असेल तर मालकावर जबाबदारी येते, आणि मालकाची जबाबदारी कंपनी उचलते. तुमच्या कागदावर चूक रोह्याची आहे. रोह्याचा विमा कुठल्या कंपनीत काढलाय?”

बाजूचा एक वकील फसकन हसला. मला राग आला, पण कोणाचा ते कळेना.

बिनचुकीचं पण एक ठरलेलं मिळतं, पण ते दुसऱ्या ऑपरेशनातच संपेल, म्हणाल्या. पुढचा इलाज, गेलेली नोकरी, आखूड पाय — हे सगळं धरायचं तर चूक दाखवावी लागेल. दावा सहा महिन्यांच्या आत. स्टॅम्पवर मिटवलं म्हणून पोरीचा हक्क बुडत नाही, पण कंपनी तो कागद पहिल्यांदा पुढं करणार. मग विचारलं, गाडी भाड्यानं चालवत होता का? मी मोबाइल खिशात घातला.

“कळलं. मग कंपनी म्हणणार, घरच्या गाडीचा विमा होता, धंद्याचा नव्हता. कोर्टानं भाग पाडलं तर पोरीला देऊ आणि मालकाकडून वसूल करू.”

“तिच्याकडून भाडं नाही घेतलं कधी.”

“का?”

मी पेरूकडं बघत बसलो.

“हे कोर्टात विचारतील,” मॅडम म्हणाल्या. “उत्तर तयार ठेवा.”

शेवटी विचारलं, गाडी काढली तेव्हा आत कोणी काही बोललं होतं का? मी म्हणलो, नाही.

१५ मार्च

शिवकन्याला मोबाइलवर सगळं लिहून पाठवलं. रोही काढून टाकू, मी ठाण्यात खरं सांगतो, तू दावा कर. चार वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. दोन तासांनी उत्तर आलं.

“न्हाई. माझा पाय गेला. आता तुझी वर्दी बी घालवू का? दोघांतलं एक तरी लागू दे.”

मग आणखी एक — “ग्राउंडला जायलास ना?”

जात नाही. पंधरा दिवस झाले. लिहिलं, जायलोय.

२६ मार्च

त्या आडत्याचा पोरगा स्टँडवर म्हणाला, पुढच्या सीटवर आता दुसरी बघ की योग्या. कानाखाली दिली. त्यानंही दिल्या दोन. बरं वाटलं, थोडा वेळ.

३१ मार्च

आज पहाटे पळायला गेलो. शाळेच्या मैदानावर एकटाच. दुसऱ्या फेरीला थांबलो. पाय चांगले धडधाकट चालायलेत माझे. त्याचीच लाज वाटली. घरी आलो, आंघोळ केली, कोरा शर्ट घातला. मग कुठं जायचं ते सुचेना, शर्ट काढून ठेवला.

२ एप्रिल

तोच शर्ट घालून ठाण्यात गेलो.

जमादारानं आधी पंखा माझ्याकडं वळवला. “स्वतःवर गुन्हा नोंदवा म्हणून आलेला तू पहिलाच. ऊन लागलंय का?” मी म्हणलो, रोही नव्हता. तो म्हणाला, स्टॅम्प आहे, जखमी पोरीचा जबाब आहे, आता तुझ्या स्वप्नात रोही नव्हता म्हणून मी काय कागद फाडू? साक्षीदार आण.

“नर्मदाबाईला विचारलं का कुणी?”

त्यानं कागद उलटून बघितले. नव्हतं विचारलं! दोन महिन्यांत एकानंही नाही. मागच्या सीटवरची भाजीवाली म्हातारी — तिला काय विचारायचं! जमादारानं नाही, सरपंचानं नाही, दाजींनी नाही. मी पण नाही.

५ एप्रिल

नर्मदाबाईला घेऊन गेलो. रिकामी टोपली घेऊनच बसली खुर्चीवर. जमादार कानाजवळ ओरडून विचारायला लागला. ती म्हणाली, “रोही? कसला रोही? यष्टीला गाठायला घातली गाडी ह्यानं. म्या दोन्ही डोळ्यांनी बघितली. मला कुनी इचारलंच न्हाई, मला वाटलं तुमाला ठाव हाय.”

गुन्हा दाखल झाला. माझं नाव, बापाचं नाव, गाव बोरी. भरधाव वेगात, निष्काळजीपणे, हयगयीने. सही करायच्या आधी दोनदा वाचलं. जबाबात सगळं सांगितलं, ते वाक्य सोडून.

बाहेर आल्यावर नर्मदाबाई म्हणाली, आता तुला धरत्यात का? म्हणलं, आज न्हाई. मग चल म्हणाली, रस पी.

६ एप्रिल

“मला इचारलंस?”

शिवकन्याचं एवढंच आलं. त्यानंतर माझा नंबर बंद करून टाकला तिनं.

८ एप्रिल

दाजी घरी आले. चहा घेतला नाही. माझी गाडी, माझा विमा, आणि तू माझ्याच विरुद्ध उभा! ताई मधे आली तर तिच्यावर ओरडले. मी उठलो, हात उचलणार होतो. खरंच उचलणार होतो. दादांनी नुसतं बघितलं आणि मी बसलो.

दाजी वाईट नाहीत. कॉलेज सुटलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांत त्यांनी एकट्यानं विचारलं होतं, आता काय करणार. मी कितीदा सांगितलं, वसुली आली तर मी भरीन. ते म्हणाले, कशातून?

बरोबर आहे. कशातून?

१७ जून

दुसरं ऑपरेशन झालं. मामांनी गिरणीतलं मिरचीचं कांडप विकलं त्यासाठी. पिठाचं जातं राहिलं. बोरीच्या बाया आता मिरची कुटायला झरीला जातात, आणि जाताना माझं नाव घेतात.

२४ जुलै

दावा दाखल झाला! शेवटच्या दहा दिवसांत. पप्प्या सांगत होता — कस्तुरामामी मामांना म्हणाल्या, कांडप गेलं, उद्या जातं जाईल, मग पोरीचं नाव झाकून ठेवून काय दळायचं? दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको शुभदा मॅडमकडं गेले. शिवकन्यानं सही केली. बोलली नाही काही.

माझ्यामुळं गेले की माझ्यावर थुंकून गेले, माहीत नाही. गेले.

१९ ऑगस्ट

नोटीस आली. अर्जदार म्हणून तिचं नाव. गैरअर्जदार पहिला मी, दुसरे दाजी, तिसरी विमा कंपनी.

एका कागदावर आमची दोघांची नावं पहिल्यांदा आली. मधे लिहिलंय — विरुद्ध.

कागद उशीखाली ठेवला. येडा आहे मी.

११ सप्टेंबर

कंपनीचा तपासणीवाला आला. हेल्मेट मांडीवर घेऊन स्टँडवरच्या हॉटेलात बसला, गोड बोलणारा माणूस. दाजींनी मला आधीच बजावलं होतं — म्हण, ओळखीपाळखीचे बसतात, पैसे घेत नाही. मी तसंच म्हणलो. चेहरा गरम झाला, पण म्हणलो. तो लिहून घ्यायला लागला.

तेवढ्यात टोपली घेऊन नर्मदाबाई आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार, योग्याची चौकशी करायलेत. सरळ टेबलाशी उभी राहिली. “साहेब, ह्या पोराचं नाव खराब करू नका. झरीला गाडी फुटली तर तिसातले पंधरा वापस दिले त्यानं. यष्टी देती का वापस?”

शेजारी बसलेल्या दाजींनी कपाळाला हात लावला. तपासणीवाल्यानं पान उलटलं, तिचं सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. म्हातारी एवढी खूश! माझ्या पाठीवर हात फिरवून गेली. मला वाचवलं म्हणून.

मला तो कागद हिसकावून घ्यायचा होता. हात टेबलाखाली दाबून धरले. मग वाटलं, परत रोहीच कशाला? म्हणलो, “खरंय ते. मघाशी मी खोटं बोललो. सिटा मारायचो मी. पण पुढच्या सीटचं भाडं कधी घेतलं नाही, हे पण लिहा.”

तो म्हणाला, “का नाही घेतलं?”

अजून उत्तर तयार नव्हतं.

२० सप्टेंबर

मॅडम म्हणाल्या, बोललात ते बरं केलं, नाहीतर कोर्टात उघडे पडला असता. आता कोर्ट बहुतेक कंपनीला आधी द्यायला लावेल आणि दाजींकडून वसूल करायची मुभा देईल. बहुतेक. वकील लोकांचं सगळं बहुतेक असतं.

२ नोव्हेंबर

मानवतला आलो. जिनिंगवर कामाला लागलो. कापसाच्या गाड्या रिकाम्या करायच्या. नाकात, कानात, भाकरीत कापूस. दाजींना सांगितलं, दर महिन्याला तुमच्याकडं ठेवायला देईन, वसुली आली तर त्यात घाला. ते म्हणाले, दे. पहिल्यांदा सरळ बोलले.

इथं कोणाला माझं काही माहीत नाही. मुकादम थांब म्हणतो, मी थांबतो.

१४ नोव्हेंबर

भरतीची जाहिरात आली. सगळ्या पोरांच्या मोबाइलवर तीच. मी बघितली नाही.

बघितली. आमच्या जिल्ह्याच्या जागा पण बघितल्या.

२१ नोव्हेंबर

आज दुपारी, गाडीवर उभा होतो, कमरेएवढ्या कापसात — मोबाइल वाजला. तिचा. सात महिन्यांनी.

“फॉर्म भरलास का?”

मी लिहिलं, गुन्हा दाखल आहे का विचारतात त्यात.

“मग हाय म्हणून लिही. मॅडमला इचारलं मी. गुन्ह्यानं नोकरी जातीच असं न्हाई. लपवलं तर जाती.”

मॅडमला विचारलं! तिनं! माझ्यासाठी! मुकादम खालून ओरडायला लागला, मी वर कापसात बसून राहिलो. मग लिहिलं, पाय कसाय? तिनं फोटो पाठवला. पायाचा नाही. कुबडीचा, भिंतीला टेकवून ठेवलेली. खाली लिहिलं — “चार दिवस झाले, हात लावला न्हाई.”

२२ नोव्हेंबर

फॉर्म भरला. खरं लिहून भरला.

१८ जानेवारी

तिच्या साक्षीची तारीख लागली, पुढच्या महिन्यात. मॅडमनी तिला बजावलंय, विचारलं तेवढंच बोल, जास्तीचं एक अक्षर नको. मामांनी वेगळं बजावलंय — विचारलं तर म्हण, चालवणाऱ्याची ओळख न्हाई, रस्त्यात हात केला आन बसले. चार लोकांत बोलायचंय म्हणून. हे पप्प्यानं सांगितलं. तसं म्हणली तर भाड्याची सीट ठरते, कंपनीला बरंच. पण मामांची पण चूक नाही. पोरीच्या बापाला कंपनी दिसत नाही, गाव दिसतं.

मला काय पाहिजे? ती म्हणावी, ओळख आहे. एवढंच पाहिजे. दावा, दाजी, कांडप, सगळं खरं, पण रात्री डोळा लागत नाही तो ह्या एका गोष्टीसाठी.

३ फेब्रुवारी

वर्ष झालं. मानवतहून परभणीला आलो आणि एस.टी.नं बोरीला. बाभळीजवळ खिडकीतून बघितलं. साल निघालेली अजून तशीच आहे. खाली कुणीतरी शेळ्या बांधल्या होत्या.

१२ फेब्रुवारी

तिची साक्ष झाली. सोबत एकटे मामा आले होते. लंगडत पिंजऱ्यात गेली, प्रवासापुरती आणलेली कुबडी बाकावर ठेवून. कंपनीच्या वकिलानं विचारलं, भाडं दिलं होतं का? न्हाई. वर्षभर फुकट? हो. का? ती म्हणाली, “त्यानं घेतलं न्हाई, मी परत इचारलं न्हाई. दोघांला कळत होतं.” लिंबाजीमामांनी मान खाली घातली. मग वेगाचं विचारलं. “यष्टी वाट देईना. मीच म्हणले, घाल की पुढं, माझी टेस्ट जायलीय. हे त्यानं आजपर्यंत कुणालाच सांगितलं न्हाई.”

या वहीलासुद्धा नाही.

शुभदा मॅडमनी पेनला टोपण लावलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, आता थोडी चूक तिचीही धरतील, रक्कम कमी होईल, बहुतेक.

बोरीच्या एस.टी.त त्या दोघांच्या मागं मी पण चढलो. लिंबाजीमामांनी तिकिटं काढली. तीन.